कान दुखतोय? आधी तोंड उघडून बघा

गेल्या जुलैत एका रविवारी रात्री माझा उजवा कान दुखायला लागला. ठणका नव्हता, आत खोलवर कुणीतरी बोट दाबून धरावं तसं काहीतरी. पावसाळ्यात कान दुखला की काय करायचं हे पुण्यात प्रत्येक घराला पाठ असतं, त्यामुळे मीही तेच केलं. लसूण घालून तेल कडवलं, कोमट झाल्यावर दोन थेंब सोडले. फरक नाही. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून थेंब आणले, पाच दिवस घातले. दुखणं तसंच, उलट कान खाजायलाही लागला. मग दुसरे थेंब.

तिसऱ्या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानात दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, "पडदा छान आहे. बुरशी धरलीय थोडी, ती तेलाची आणि थेंबांची कमाई. पण तुमचं दुखणं कानाचं नाही. आ करा बरं." मग त्यांनी दोन्ही करंगळ्या माझ्या दोन्ही कानांच्या भोकांत टेकवल्या आणि तोंड हळूहळू उघडायला-मिटायला सांगितलं. उजवीकडे 'कट्' झालं. ते मला ऐकू आलं आणि त्यांच्या बोटाला लागलं.

"रात्री झोपेत दात खाता का?"

तीन आठवडे मी कानावर इलाज करत होते, आणि आजारी होता जबडा. हे माझ्या एकटीच्या बाबतीत झालेलं नाही. कानाच्या दुखण्याचं हेच वैशिष्ट्य आहे. लहान मुलांचा कान दुखतो तेव्हा बिघाड बहुतेक वेळा कानातच असतो. मोठ्या माणसांत मात्र कान साफ आणि दुखण्याचं मूळ दुसरीकडेच, असं फार वेळा निघतं.

पी. पी. नंबरची भानगड

ज्यांचं बालपण पेठेतल्या वाड्यात गेलं त्यांना हे पटकन कळेल. सगळ्या वाड्यात फोन एकच, तोही मालकांकडे. बाकीचे भाडेकरू सगळ्या नातेवाइकांना तोच नंबर द्यायचे आणि पुढे 'पी. पी.' लिहायचे. घंटा वाजायची मालकांच्या बैठकीत, पण फोन असायचा माडीवरच्या बिऱ्हाडाचा, नाहीतर मागच्या अंगणातल्या आजींचा. घंटा इथे वाजली म्हणून काम मालकांचंच आहे, असं कुणी धरत नसे.

कान हा असा पी. पी. नंबर आहे. एवढ्याशा अवयवाला संवेदना पुरवायला निदान पाच ठिकाणांहून नसा येतात. एक चेहरा आणि जबड्याची. दुसरी चेहऱ्याचे स्नायू हलवणारी. तिसरी घसा आणि टॉन्सिलची. चौथी स्वरयंत्रापासून थेट पोटापर्यंत जाणारी लांबलचक नस. आणि पाचव्या म्हणजे मानेच्या वरच्या मणक्यांतून निघणाऱ्या फांद्या. या सगळ्यांचे वेदनेचे निरोप मेंदूच्या देठाजवळ जवळपास एकाच केंद्रात येऊन पडतात. तिथे निरोप कळतो, निरोप कुठून आला ते नीट कळत नाही. दाढेतून आलेली कळ मेंदू कानाच्या खात्यात मांडतो. डॉक्टर याला 'रेफर्ड पेन' म्हणतात. मी पुढे उसनं दुखणं म्हणेन.

उसनं म्हणजे खोटं नव्हे. दुखतं ते खरंच दुखतं, फक्त पत्ता चुकलेला असतो.

कान कोरताना खोकला का येतो

विश्वास बसत नसेल तर एक अनुभव आठवा. कान कोरताना काही जणांना अचानक ठसका लागतो. कानात काडी आणि खोकला घशात! याचं कारण वर सांगितलेली चौथी नस. तिची एक बारीकशी फांदी कानाच्या नळीच्या मागच्या भिंतीत येते. जर्मन शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिश आर्नोल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात तिचं वर्णन केलं, म्हणून तिला आर्नोल्डची नस म्हणतात. ती डिवचली की मेंदूला वाटतं घशात काही अडकलं, आणि तो खोकला काढतो. सगळ्यांना होत नाही हे, पण ज्याला होतं त्याला कान आणि घसा एका तारेवर आहेत हे वेगळं समजवावं लागत नाही.

आता हीच तार उलट्या बाजूने. घशात काही बिघडलं तर कानात कळ येणार. टॉन्सिलचं ऑपरेशन झालेली पुष्कळ मुलं कान दुखतो म्हणूनही रडतात. आईवडील घाबरतात, कानाला काही झालं का म्हणून. कानाला काही झालेलं नसतं.

जेव्हा दुखणं खरंच कानाचं असतं

घरच्या घरी करण्याजोगी एक ढोबळ परीक्षा आहे. कानाच्या भोकापुढे जो छोटासा उंचवटा असतो तो बोटाने दाबा, किंवा कान वर-मागे ओढा. तेवढ्याने जीव कळवळला तर बिघाड बहुधा कानाच्या बाहेरच्या नळीत आहे.

ही नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर लांब. तिचा आतला भाग हाडाचा, आणि त्या हाडावर कातडीचा अगदी पातळ थर. खाली मऊ गादी नाही, त्यामुळे जराशी सूज आली तरी ती दाबली जाते आणि ठणका लागतो. मे महिन्यात पोहण्याची बॅच संपली की आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की या तक्रारी वाढतात, कारण कातडी सतत ओली राहते आणि मऊ पडते. मग एखादा कानकोरणं घेतो, एखादी हेअरपिन, एखादा स्कूटरची किल्ली. (किल्लीवाले काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात.) बारीक ओरखडा उठला की जंतूंना आत शिरायला वाट झाली.

दमट हवेतला दुसरा पाहुणा म्हणजे बुरशी. चपलांवर आणि कपाटातल्या पट्ट्यांवर जी चढते, तिचीच भावंडं कानात वाढतात. यात दुखण्यापेक्षा खाज जास्त, कान भरल्यासारखा वाटतो, आणि आत पाहिलं तर भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यावर काळे ठिपके पडावेत तसं दिसतं.

पडद्याच्या आतली गोष्ट वेगळी. मधल्या कानातून एक नळी नाकाच्या मागे उघडते. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा ठेवणं हे तिचं काम. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी थोड्या वेळात पाचेकशे मीटर खाली येते, बाहेरचा दाब वाढतो, नळी वेळेवर उघडली नाही की दडे बसतात. आवंढा गिळला, जांभई दिली की 'पट्' होऊन मोकळं. सर्दीत ही नळी सुजते आणि मोकळं होत नाही, म्हणून वाहतं नाक घेऊन विमानात बसलेल्यांना उतरताना कान फाटतोय की काय असं होतं. तान्ह्या बाळाला अशा वेळी पाजत राहावं, गिळण्याने नळी उघडते.

लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी. त्यामुळे सर्दी थेट कानात उतरते, पडद्यामागे पू साठतो, आणि मूल रात्री दोनला किंचाळत उठतं. कधीकधी सकाळी उशीवर डाग दिसतो आणि मूल मात्र शांत झोपलेलं. 'कान फुटला' म्हणतात तो हा प्रकार. पडद्याला बारीक भोक पडून पू बाहेर आला, आतला ताण गेला, म्हणून दुखणं थांबलं. असे बहुतेक पडदे आपोआप भरून येतात, पण भरले की नाही हे डॉक्टरांना दाखवून घ्यायलाच हवं.

आणि एक नवं दुखणं, खरं तर जुन्याच हौसेतून आलेलं. आपल्याकडे बुगडी होतीच, आता कानाच्या वरच्या कडेला तीन-तीन भोकं पाडून घेतात. पाळीला भोक पाडणं आणि वरच्या कडेला पाडणं यात फरक आहे. पाळी नुसती मांसाची. वरचा भाग कूर्चेचा, आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती वरच्या आवरणावर जगते. तिथे जंतू शिरले तर कान लालबुंद सुजतो आणि पाळी तेवढी नेहमीसारखी राहते. ही खूण दिसली तर हळद लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. उशीर झाला तर कूर्चा विरघळून कान कायमचा चुरगळतो.

"पण तेल घातल्यावर बरं वाटतं की!"

वाटतं, खरं आहे. कोमट काहीही आत गेलं की थोडा वेळ शेक बसतो. शिवाय बरीचशी कानदुखी दोन-तीन दिवसांत आपणहून उतरते, आणि श्रेय लसणीला मिळतं. पण पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं. भोक नसेल तर दमट नळीत ओलसर थर बसतो, त्यावर बुरशीची मजा. माझ्या कानात तेच झालं होतं. बाळंतिणीच्या घरी न्हाऊ घालणाऱ्या मावशी बाळाच्या कानानाकात तेल सोडतात. त्यांचा हात कितीही सराईत असो, तेवढं मात्र करू देऊ नका.

मळाचंही तसंच. कानाच्या नळीतली कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते, चालत्या पट्ट्यासारखी, आणि मळ आपोआप बाहेर आणून टाकते. आपण बड घालतो तेव्हा तो पट्टा उलटा फिरवतो. बडला थोडासा मळ लागतो आणि स्वच्छता केल्याचं समाधान मिळतं. उरलेला आत ठासला जातो.

कानाचे शेजारी

उसन्या दुखण्यात सगळ्यांत मोठा वाटा जबड्याचा आणि दातांचा.

कानाच्या अगदी पुढे बोटं ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे सरकतं तो जबड्याचा सांधा. कानाच्या नळीत आणि त्यात एक पातळ भिंत आहे. हा सांधा बोलताना, खाताना, जांभई देताना दिवसभर चालतो आणि रात्री दात खाणाऱ्यांचा रात्रीही चालतो. मोठ्यांत याची कारणं बहुधा ताण, झोपेचे बिघाड अशी असतात. 'दात खातो म्हणजे पोटात जंत' हे आजीचं निदान, आणि आजीचा मान राखूनही, त्याला आधार नाही. सकाळी जबडा आंबलेला, कानशील जड, चिक्की किंवा ऊस खाल्ल्यावर कान जास्त दुखतो, तोंड उघडताना कट्-कट्, असं असेल तर थेंबांचा उपयोग शून्य. मला डॉक्टरांनी दिलेली औषधं साधी होती: दोन आठवडे मऊ जेवण, गालावर शेक, जांभई देताना हनुवटीखाली मूठ, आणि दंतवैद्याकडून रात्री घालायची दातांवरची टोपी. भाकरी बंद म्हटल्यावर मला जरा वाईट वाटलं.

खालच्या दाढा, विशेषतः अर्धवट वर आलेली अक्कलदाढ, ही पी. पी. नंबरवर सगळ्यांत जास्त फोन करणारी मंडळी. गार पाण्याने कळ येते का, दाढेवर चमच्याने टिचकी मारली की दुखतं का, हे आधी बघावं.

कानाखाली आणि पुढे लाळेची मोठी ग्रंथी असते. गालगुंड होतं ते तिला. सूज पाळीखाली येते, पाळी वर उचलल्यासारखी दिसते, आंबट खाताना जास्त दुखतं. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस दिली जाते, त्यात गालगुंड येत नाही. बालरोगतज्ज्ञ जी तीन रोगांची एकत्र लस सुचवतात तिच्यात ते येतं, पण ती सगळ्याच मुलांनी घेतलेली नसते, म्हणून शाळेत एकाला झालं की वर्गात फिरतं. मोठ्या माणसात जेवायला बसलं की तेवढ्यापुरती सूज आणि जेवण झालं की उतार, असं होत असेल तर ग्रंथीच्या नळीत खडा असू शकतो.

कानामागे वाटाण्याएवढी दुखरी गाठ आली तर आधी डोकं तपासा. उवा, खरूज, कोंड्यात खाजवून पडलेले फोड, यातलं पाणी त्या गाठीकडे जातं.

मानेबद्दल हिंजवडीकरांना मी काय सांगावं? लॅपटॉपवर दहा तास वाकलं की वरच्या मणक्यांतल्या नसा कानामागे आणि टाळूकडे कळ धाडतात. मान वळवली की वाढली तर समजायचं. चष्म्याची घट्ट काडी आणि लहान मापाचं हेल्मेटही कान दुखवतं. त्यावर उपाय योग्य मापाचं हेल्मेट. हेल्मेटच नको, हा निष्कर्ष फक्त पुण्यातच निघू शकतो.

कान स्वच्छ, तरी दुखणं हटत नाही

इथे जरा थांबून वाचा.

चाळिशीपुढचा माणूस. एकाच बाजूचा कान तीन आठवड्यांहून जास्त दुखतोय. डॉक्टरांनी कान पाहिला, नॉर्मल. दाढाही बऱ्या. अशा वेळी 'नॉर्मल' ऐकून सुटकेचा निःश्वास टाकून घरी जाऊ नये, उलट तपासणी पुढे न्यायला हवी. जिभेचं मूळ, टॉन्सिल, घशाचा खालचा भाग, इथल्या कर्करोगाची पहिली तक्रार कधीकधी कानदुखी हीच असते. घशात अजून काही जाणवत नसतं, पण नस तीच असल्यामुळे घंटा कानात वाजते. गिळताना त्रास, बदललेला आवाज, मानेत न दुखणारी गाठ, यातलं एखादं सोबत असेल तर घशाची दुर्बिणीतून तपासणी लगेच.

आपल्याकडे याला तंबाखूमुळे जास्त वजन आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, म्हणून गालातला बार थांबला असं नाही. आणि मिशरी तर कुणी मोजतच नाही. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की बाई ठामपणे नाही म्हणते, कारण तिच्या मते ती फक्त दात घासते. भाजलेली तंबाखूच ती. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगावं.

कानदुखीतून कर्करोग निघणाऱ्यांची संख्या थोडी आहे, बहुतेकांचा जबडाच निघतो. पण जबडा आठ दिवस थांबू शकतो, हे थांबू शकत नाही.

"थेंब घालून बघायला काय जातं?"

कधी काही जात नाही, कधी बरंच जातं. पडद्याला भोक असताना काही थेंब, उदाहरणार्थ जेंटामायसिनचे, आतल्या कानाला इजा करू शकतात, आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. स्टेरॉइड मिसळलेले थेंब बुरशीवर घातले तर बुरशी पोसली जाते. दुकानदाराने बाटली काढण्याआधी कान पाहिलेला नसतो, हा साधा मुद्दा आपण विसरतो.

पोटात घ्यायच्या अँटिबायोटिकचंही थोडं असंच. दोन वर्षांच्या पुढचं, फार आजारी नसलेलं मूल असेल तर पुष्कळदा डॉक्टर नुसतं दुखणं कमी करणारं औषध देऊन ४८ ते ७२ तास वाट पाहतात. त्याला हलगर्जीपणा समजू नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र ताबडतोब न्यायचं.

हे उद्यावर ढकलायचं नाही

कानामागचं हाड सुजून लाल झालं आणि कान पुढे ढकलल्यासारखा दिसायला लागला, तर पू हाडात शिरलेला असू शकतो. त्याच रात्री रुग्णालय.

मधुमेही आणि उतारवय, बाहेरून फारसं काही दिसत नाही पण रात्री झोपू देणार नाही असा ठणका, कान वाहतोय. हा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत जातो. घरच्या औषधांत एक दिवसही घालवू नये.

कानात किंवा भोवती पाण्याचे फोड आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा: ही कानातली नागीण. २०२२ साली गायक जस्टिन बीबरने आपला अर्धा चेहरा हलत नसल्याचा व्हिडिओ टाकला होता, तो आजार हाच. नागिणीच्या विळख्याची तोंडं जुळली की माणूस जातो म्हणतात, ते खोटं. पण विषाणूवरची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर चेहरा परत सुधारण्याची शक्यता वाढते, हे खरं. मंत्र टाकून घेण्यात ते तीन दिवस जाऊ नयेत.

पन्नाशीनंतर कानशिलावर हात लागला तरी दुखतं, घास चावता चावता जबडा भरून येतो, नजर अंधुक होते, तर डोळ्याचा रक्तपुरवठा धोक्यात असतो. आणि चालताना, जिना चढताना जबडा-कानात दुखून थांबल्यावर कमी होत असेल, सोबत घाम किंवा छातीत दडपण असेल, तर कानाचा डॉक्टर शोधू नका, हृदयाचा आलेख काढून घ्या.

दवाखान्यात जाताना

डॉक्टर दोन मिनिटांत जे विचारतील ते आधी आठवून ठेवलं तर बरं. दुखणं कधी वाढतं: चावताना, गिळताना, मान वळवताना, गार पिताना, की कान ओढल्यावर? ऐकू कमी येतं का, पाणी येतं का? रात्री जास्त की दिवसा? शेजारी झोपणाऱ्यालाही विचारा, कारण आपण दात खातो हे आपल्याला कधीच माहीत नसतं. माझ्या नवऱ्याला चार वर्षं माहीत होतं. त्याला वाटत होतं, मला माहीत असेल.

आणि निघायच्या आधी कानात काही घालू नका. पडद्यावर तेलाचा थर असला की दुर्बिणीतून दिसतं ते फक्त तेल.